हललेला ठसा

माझं काम लोकांचे फॉर्म भरून द्यायचं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, धानाची नोंदणी, पोरांच्या परीक्षा. दिवसाला तीस-चाळीस फॉर्म माझ्या हाताखालून जातात आणि परत येणारा महिन्यातून एखादा. एवढी फुशारकी मारायचं कारण असं, की माझ्या स्वतःच्या घरचा एक फॉर्म दोन वर्षांत चार वेळा परत आला. चौथ्या वेळी पाकीट फाडून वाचलं आणि माझ्या तोंडून दुकानात सगळ्यांदेखत अशी शिवी गेली की रांगेतल्या एका मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

फॉर्म मनसारामचा होता. मनसाराम म्हणजे माझ्या आजोबांचा मोठा भाऊ. मी त्याला कधी पाहिलं नाही, माझ्या बापानंही नाही. चीनच्या लढाईनंतर फौजेत भरती जोरात होती तेव्हा, त्रेसष्ट साली, तो नागभीडहून रेल्वेत बसून चांद्याला गेला आणि शिपाई झाला. दोनदा सुट्टीवर आला. अडुसष्टनंतर ना तो आला, ना त्याचं पत्र. त्याचा बाप एकदा तालुक्याला विचारायला गेला, तर "नंबर सांगा" म्हणून त्याला परत पाठवलं. मग कोणीतरी उठवलं की मनसाराम नागपुरात पानठेला चालवताना दिसला. झालं! तेव्हापासून आमचं घर म्हणजे भगोड्याचं घर. आम्ही ढिवर, गावच्या तलावावर जगणारी माणसं. जाळं कोणी कुठे टाकायचं यावरून जरा वाजलं की पहिला शब्द हाच: भगोड्याच्या खानदानानं तोंड वर करून बोलू नये. माझ्या बापानं हे ऐकलं, मीही ऐकलं.

आजोबांना, रामाजींना, मी आबा म्हणायची. भाऊ हरवला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढं आयुष्यभर कधीही ब्रह्मपुरीला गेले की तासभर बसस्टँडवर काढायचे. ट्रंक घेतलेला कोणी फौजी उतरला की जाऊन हात जोडायचे, "साहेब, आमचा मनसाराम कुठी भेटला काय तुमाले?" मला तेव्हा इतकी लाज वाटायची की मी त्यांचा हात सोडून लांब उभी राहायची. ते गेले त्या उन्हाळ्यात खाटेवरून म्हणाले, "रोशनी, तू साऱ्या दुनियेचे कागद करून देतं. माह्या भावाचा एक कागद आणून दे ना." मी हो म्हटलं. कागद येण्याआधी ते गेले.

घरात उरली गोकुळा. मनसारामची बायको, माझी मोठी आजी. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली, पोरबाळ झालं नाही, आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. कपाळावर मोठं कुंकू आणि हातभर बांगड्या, कारण नवरा मेल्याचा निरोप आला नाही तोवर बाई सवाष्णच. आजही सकाळी तलावाच्या पाळीवर पावशी, म्हणजे विळी, मांडून मासे चिरते आणि गिऱ्हाइकांशी मनसोक्त भांडते. कार्तिकातला एक दिवस सोडला तर ती माशांना शिवली नाही असं होत नाही. त्या दिवशी काय होतं, विचारलं तर म्हणते, "आंग दुखते."

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती मागवायची तर जवळच्या वारसाची सही लागते. म्हणजे आजीचा अंगठा. आणि इथंच माझं घोडं अडलं.

पहिला फॉर्म शिपायाचा नंबर नाही म्हणून परत आला. मी आजीला विचारलं.

"पेटीवर लिहून होता," ती म्हणाली.

"पेटी कुठी हाय?"

"भंगारवाल्याले देली."

"फोटो?"

"उधळीनं खाल्ला."

"मंग पत्रं तरी?"

"चुलीत गेली, बाप्पा. मले काय वाचता येते का ठेवीन मी?"

नवरा सापडावा म्हणून ज्या बाईनं सत्तावन्न वर्षं कुंकू लावलं, तिनं त्याची एक वस्तू जपून ठेवू नये याचा मला संताप आला. पण म्हाताऱ्या माणसावर किती ओरडणार? जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांच्या याद्या असतात, तिथं खेपा घातल्या. पहिल्यांदा यादीवाले साहेब रजेवर, दुसऱ्यांदा कपाटाची चावी रजेवर. तिसऱ्यांदा मी डबा घेऊनच गेले आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसून जेवले. मग यादी निघाली. त्रेसष्टच्या भरतीतला एकच माणूस अजून जिवंत होता. लालसू, मुक्काम अहेरीजवळ.

ब्रह्मपुरीहून अहेरी म्हणजे बसमध्ये अख्खा दिवस जातो. लालसूबाबा दारातच बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे, एका पायानं अधू. मी जोहार केला आणि मनसारामचं नाव घेतलं. म्हातारा हसायलाच लागला.

"जाळेवाला! अरे, तो तं बराकीत बसून जाळा विणे. पल्टनची डोरी चुरायचा अन् विणायचा. सुभेदार चिल्लाए, इथं पहाड हाय, मच्छी कुठं पकडतोस? तो म्हणे, घरी धाकटा भाऊ हाय साहेब, त्याले कबूल केलो."

"बाबा, लोक म्हणतात ते पळून गेले."

"कोण म्हणते? आण त्याले इथं." त्यांनी काठी आपटली. "मी पाय मोडून सहासष्ट साली घरी आलो. पुढचं मले मालूम नाई. पण तो पळणारा नव्हता."

"त्यांचा नंबर आठवते काय तुमाले?"

"त्याचा कसा आठवन? माझा आठवते." त्यांनी आपला नंबर धडधडा म्हणून दाखवला, शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसा. मग बोट वर केलं. "पण भरतीच्या लाइनीत तो माझ्या मागं उभा होता. नंबर लाइनीनं देल्ले. माझा शेवटी चार आला, तं त्याचा पाच. लिही."

मी लिहिला. परतीच्या बसमध्ये आलापल्लीच्या जंगलातून येताना मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत होते. आबा असते तर त्यांनी तो पाठ केला असता.

नंबर बरोबर निघाला. पण दुसरा फॉर्म परत आला, शेरा: अंगठ्याचा ठसा अस्पष्ट. तिसरा परत आला, शेरा तोच. मी आजीचा अंगठा शाईच्या पॅडवर धरायची, कागदावर टेकवायची, आणि उचलताना तो सर्रकन घसरायचा. ठशाच्या जागी काळं फरफटलेलं.

"हात थरथरते, माय," ती म्हणायची. "माश्यायचे खवले काढून काढून बोटं घासून गेली."

आता गंमत बघा. दर महिन्याला रेशनच्या मशीनवर याच बाईचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो. दुकानदार तिचं उदाहरण देतो. मी चिडून म्हटलं, "तांदळासाठी अंगठा लागते, नवऱ्यासाठी नाई लागत?" ती पावशीवरचा मासा उलटा करून चिरत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी रागावण्यात गुंतले होते.

त्यातच ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावातल्या फौजींच्या नावांचा दगड बसवायचा, सव्वीस जानेवारीला उद्घाटन. पाच नावं ठरली. मनसाराम त्यात नव्हता. मी सरपंच रंजीताताईंशी भांडायला गेले.

"मले नाव टाकाले काई जड नाई रोशनी," त्या म्हणाल्या. "पण मी टाकलं अन् उद्या कोणी त्यावर शेण फासलं तर? कागद आण. दगडवाल्याले जानेवारीच्या दहा तारखेले नावं द्याची हायेत."

एकदा दगड बसला की बसला. त्यावर जो नाही तो पळालेलाच, हे कायमचं ठरणार होतं. मी चौथा फॉर्म घेऊन रंजीताताईंनाच घरी आणलं आणि त्यांच्यासमोर आजीचा अंगठा माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून कागदावर दाबला. सरपंचासमोर तिला काही करता येईना. ठसा स्वच्छ आला. अंगठ्यावर तिरपा गेलेला पावशीचा जुना व्रणही त्यात उमटला. मी फुंकर मारून तो वाळवला आणि जिंकल्यासारखी पोस्टात गेले.

तोच चौथा फॉर्म. त्याचं उत्तर आलं: जुनं रेकॉर्ड मुदतीनंतर नष्ट केलेलं आहे, पेन्शनची बाब प्रलंबित असल्यास दुसऱ्या विभागाकडे वेगळा अर्ज करावा. शिवी गेली ती इथं. मास्तरांचा चष्मा मी वर सांगितलाच. पण राग ओसरल्यावर ते 'प्रलंबित' मला चावायला लागलं. लोकांचे फॉर्म भरणाऱ्या माणसाला एक माहीत असतं. जे काम पुरं होतं त्याची फाईल जळते, जे अडकतं त्याची फाईल राहते. मी पाचवा अर्ज केला.

जानेवारीच्या सहा तारखेला जाड पाकीट आलं. दुकानातली गर्दी तशीच सोडून मी आत झेरॉक्स मशीनमागे जाऊन बसले.

मनसाराम पळाला नव्हता. ११ नोव्हेंबर १९६८ रोजी पहाडात फौजेसाठी रस्ता मोकळा करताना दरड कोसळली, तीत तो गेला. चोवीस वर्षांचा होता. तिथेच त्याला अग्नी दिला. मी मशीनला डोकं टेकवून रडले. मला आबा दिसत होते, बसस्टँडवर हात जोडून उभे राहिलेले, आणि लांब उभी मी.

मग पुढची पानं उलटली. पत्नीला पेन्शनसाठी कळवलं, अर्ज आला नाही. पुन्हा कळवलं, पाकीट परत आलं, त्यावर शेरा: या पत्त्यावर कोणी राहत नाही. असं तीनदा. म्हणून फाईल बंद झाली नव्हती. आणि सगळ्यात शेवटी एक पोचपावती. मृत्यूचं पत्र मिळाल्याची. चार डिसेंबर अडुसष्ट. घेणाऱ्याचं नाव, गोकुळा मनसाराम. त्याखाली अंगठ्याचा ठसा, सत्तावन्न वर्षांपूर्वीचा, आणि त्यातून तिरपा गेलेला पावशीचा व्रण.

मी स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही. दुपार होती, पाळीवरचा बाजार उठला होता, आजी एकटीच पावशी धूत होती. मी पावती तिच्यासमोर धरली. वाचता येत नसलं तरी तिनं ओळखली. आपलं बोट आपल्याला ओळखू येतंच.

"भेटला काय शेवटी," ती म्हणाली.

"तुले मालूम होतं!" मी ओरडले. पाण्यातले बगळे उडाले. "मी दोन वर्सं हाडं झिजवून राह्यली, अन् तुले पहिल्या दिवसापासून मालूम होतं! तू मुद्दाम अंगठा घसरवत होती!"

"हाव."

"काऊन? नवरा होता ना तुहा? त्याले सारं गाव भगोडा म्हणते, अन् तू इथी कुंकू लावून बसतं!"

तिनं पावशी पुसली, पाटावर आडवी ठेवली. मग सांगायला लागली, खालच्या आवाजात, पाण्याकडे बघून. मुखरू पोस्टमन सायकल घेऊन इथंच आला होता. घरी जायच्या वाटेवर ती आधी भेटली, म्हणून त्यानं पत्र तिलाच दिलं, तिचा अंगठा घेतला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. रडायला आलं तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला.

"सासऱ्यानं आधीच बोलून ठेवलं होतं. मनसारामचं बरंवाईट झालं तं गोकुळेचा रामाजीसंग पाट लावू. आपल्यात तशीच रीत होती तवा, नवरा मेला का दिराशी पाट. मी वीस वर्साची, अन् रामाजी पंधराचा." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी या घरी आली तवा तो आठ वर्साचा होता. सासू नव्हती. त्याले मी याच पाण्यात बुचकळून आंगोळ घालत होती. त्याचं नाक पुसत होती. रात्री भेला तं माह्याजवळ येऊन निजे. त्याच्यासंग पाट लावू मी? पोरासंग?"

तिच्यासमोर धरलेली पावती मी खाली घेतली.

"मी मुखरूच्या पाया पडली. म्हटलं, भाऊ, हे पत्र आलंच नाई. कुंकू हाय तोवर मले कोणी हात लावत नाई. तो भला माणूस. पुढं पाकिटं आली तं तोच वापस करे. मरेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाई."

पेन्शनवर पाणी सोडलं, तरुणपण याच पाळीवर खवले काढत घालवलं, आणि हे सगळं माझ्या आबांना नवरा करून घ्यावं लागू नये म्हणून. आबांचं पुढं भागीरथेशी, माझ्या सख्ख्या आजीशी, लग्न झालं, म्हणून माझा बाप, म्हणून मी. हे मला त्या क्षणी कळत होतं. तरी माझा राग जाईना, आणि तो जाऊ नये असंच मला वाटत होतं.

"मंग आबाचं लग्न झाल्यावर तरी सांगाचं होतं," मी म्हटलं. "त्यायनं पन्नास वर्सं बसस्टँडवर भाऊ शोधला, मोठी आजी. मरेपर्यंत. मले शेवटी तेच मांगितलं. त्यायले तरी सांगाचं होतं."

आता मात्र तिचा चेहरा मोडला.

"सांगाचं सांगाचं म्हणून राह्यली," ती म्हणाली. "आज सांगीन, पोळा झाला का सांगीन. तो स्टँडवरून वापस ये अन् मी त्याले ताट वाढत जाओ. जितके दिवस गेले तितकं तोंड उघडेना. काय सांगू त्याले? का तू उन्हात उभा राहे तवा मले सारं मालूम होतं? त्यानं मले माय म्हटलं होतं, रोशनी. तो माह्यावर थुंकला असता तं?"

ती रडत होती. मी तिला जवळ घेतलं नाही. खोटं कशाला सांगू? मी उभीच होते, हातात पाकीट घेऊन. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"दगडासाठी काय लागते?" तिनं विचारलं.

"वारसाचा अर्ज. अन् हे पूर्ण कागद. तुही पावती पण. सारं गाव वाचन."

"वाचू दे. पंचायतीत मीच येतो, मीच सांगतो. आण तो फॉर्म."

फॉर्म बॅगेतच होता. तिनं पाळीवरची माती घेऊन अंगठा घासला, धुतला, लुगड्याला पुसला. शाईवर ठेवला, कागदावर ठेवला आणि मी न धरता सरळ वर उचलला. रेघ न् रेघ आली, व्रणासकट.

"आता वाच," ती म्हणाली.

"काय?"

"त्याचं पत्र. मुखरूनं एकदाच वाचलं, तेही घाईनं, त्याले समजली तितकी इंग्रजी. मी ते इथीच पाण्यात सोडलं. कोणाजवळून वाचून घेणार होती मी?"

मी तिच्या शेजारी बसले. फाईलमध्ये पत्राची नक्कल होती, इंग्रजीत. एकेक ओळ आमच्या भाषेत करत मी वाचायला लागले. तारीख आली तेव्हा ती माझ्याआधीच म्हणाली, "कार्तिकातली वद्य षष्ठी. मुखरूनं मागून पंचांग पाहून सांगतली." मग दरड, मग अग्नी, मग साहेबाचं दुःख. शेवटी मनसारामच्या मागं राहिलेल्या वस्तूंची यादी होती. एक कांबळं. एक पितळी लोटा. एक जाळं, अर्धं विणलेलं.

तिचा हात माझ्या मनगटावर आला.

"जाळं? हे मुखरूनं नाई वाचलं."

"लालसूबाबा सांगत होते. फौजेत बसून विणत होते म्हणे. धाकट्या भावासाठी."

"मंग कुठी हाय ते?"

खाली एक ओळ होती. ती सोडून द्यावी असं मला वाटलं. पण या घरात आधीच एक पत्र दडवून झालं होतं.

"वारसानं मागणी केली नाही, म्हणून वस्तू निकालात काढल्या," मी वाचलं. "म्हणजे फेकून देल्या, मोठी आजी."

 तिचा हात माझ्या मनगटावर तसाच होता आणि अंगठ्याची शाई मला लागली होती.

"जाळ्याचं पुन्हा वाच," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.